पाचवी तपासणी

ऑफिसचा माणूस पंपघराच्या दाराला कागद चिकटवून, मोटरसायकलला किक मारून निघूनसुद्धा गेला, तरी वायरमन तिथंच उभा होता. उन्हाळा चढायला लागला होता. पत्र्याचं दार इतकं तापलेलं, की कागदाखालची खळ बघता बघता वाळून कड वर यायला लागली. अक्षरं बारीक होती. त्यानं मान मागे नेली, डोळे बारीक केले आणि ओठ हलवत वाचलं. दोन महिन्यांत प्रत्येक शेतीपंपाची तपासणी करून रिपोर्ट जमा करायचा. रिपोर्टवर सही तपासणी-चाचणीची परीक्षा पास झालेल्या माणसाचीच चालेल. ज्याचा रिपोर्ट नाही त्याची वीज तोडली जाईल.

"गावातले निम्मे पंप मी जोडलेत," तो त्या दारालाच म्हणाला.

बावीस वर्षं त्यानं हेच काम केलं होतं. त्याआधी आठवीत शाळा सोडून बरीच वर्षं एका ठेकेदाराची शिडी खांद्यावर घेऊन गावोगाव हिंडला, बघून बघून शिकला. गावाला त्याचं नाव आठवायला मतदार यादी उघडावी लागली असती. सगळे वायरमनच म्हणत. त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची मागची बाजू चामड्यासारखी झाली होती. वायरीत वीज आहे की नाही हे तो त्या बोटाच्या पाठीनं निसटता स्पर्श करून सांगायचा. लोक बघत राहायचे. त्यालाही ते आवडायचं.

पंपघर मात्र एकट्याचं नव्हतं. विहीर दोघा भावांची. आत भिंतीवर दोन स्टार्टर शेजारी शेजारी, डावा थोरल्याचा, उजवा याचा. आठवड्यातले तीन दिवस पाणी थोरल्याचं, तीन दिवस याचं, सातव्या दिवशी विहिरीला विश्रांती. सहा वर्षांपूर्वी अशाच एका उन्हाळ्यात थोरल्यानं आपली पाळी संपल्यावर अर्धा दिवस मोटर चालूच ठेवली. हा तावातावानं गेला, बोलू नये ते बोलला, तोही बोलला. तेव्हापासून दोन घरांमध्ये एक भिंत, एक लिंबाचं झाड आणि सहा वर्षांची मुक्यानं वागण्याची सवय, एवढं उभं होतं. समोर आले तर दोघंही आभाळाकडे बघायचे.

आठवडाभरात तालुक्याहून एक सर्टिफिकेटवाला गावात येऊन बसला. पिंपळाखाली खुर्ची टाकून त्यानं पंधरा रिपोर्टांवर सह्या ठोकल्या. एकाही पंपघराचं दार त्यानं उघडलं नाही.

"माझ्या जोडणीवर सही त्याची," वायरमन बायकोला म्हणाला. "आणि त्यानं बघितलंसुद्धा नाही गं! पेटीचं झाकण उघडलं नाही."

बायको टोमॅटोच्या रोपांना सुतळीनं काठ्या बांधत होती. तिनं सुतळी दातात धरली होती, त्यामुळे उत्तर जरा उशिरा आलं.

"मग तुम्ही द्या परीक्षा."

"मी?"

"नाहीतर कोण, ही रोपं?"

"अगं, पोरंसोरं बसतात त्याला. पुस्तक असतं एवढं जाडं."

"जाडं असू दे. मी दहावी झालेय. मी वाचेन, तुम्ही ऐका. कान तर धड आहेत ना?"

तो मान झटकून उठला. पण दुसऱ्या दिवशी सायकलचा पंप मागायला म्हणून गेलेला माणूस चार तासांनी परत आला, तेव्हा त्याच्या खिशात फॉर्मची पावती होती.

वर्ग तालुक्याला, एका जुन्या गोदामात भरायचा. पहिल्या दिवशी तो वेळेआधी पोचला, घाम पुसत दारात उभा राहिला. खाकी शर्ट घातला होता, कामावरचा तोच एक बरा होता. एक कुरळ्या केसांचा तरुण आला, त्याच्याकडे बघून म्हणाला, "काका, वर्गात चहा किती वाजता देता?"

"मी पण शिकायलाच आलोय," वायरमन म्हणाला.

पोरगा ओशाळला, सॉरी म्हणाला. तरी मागच्या बाकावरून कोणी तरी फिसकन हसलंच. बाक इतका अरुंद, की वायरमनचे गुडघे पुढच्या फळीला लागत होते. एकोणीस पोरांमध्ये तो शेतात उभ्या केलेल्या बुजगावण्यासारखा दिसत असणार, असं त्याला वाटलं. तेवढ्यात मॅडम आल्या. त्याच्या लेकीच्या वयाच्या असतील. केस घट्ट बांधलेले, पायात जाड तळव्यांचे बूट, हातात लाल पेटी.

"आजपासून एक विसरायचं," त्या म्हणाल्या. "मला येतं, हे. आणि एक शिकायचं. मोजल्याशिवाय बोलायचं नाही."

त्यांनी भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट केलं. "ही लाईन बंद आहे का, कोण सांगेल?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. वायरमनला राहवलं नाही. तो उठला, बोर्डाजवळ गेला आणि मधल्या बोटाची पाठ पुढे केली. बोट वायरीपासून वीतभर असताना मॅडमचा आवाज चाबकासारखा आला.

"काका! तो हात खिशात घाला."

वर्ग हसला. त्यानं हात खिशात घातला. कानाची पाळी गरम झाली.

"किती वर्षं असं बघता?"

"बावीस."

"बावीस वर्षं वाचलात म्हणजे पद्धत बरोबर आहे असं नाही. नशीब बरोबर आहे." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "इकडे या. टेस्टर घ्या. आधी जिथं वीज आहे हे पक्कं माहीत आहे, तिथं लावा. पेटला? आता इथं लावा. नाही पेटला. झालं का काम?"

"झालं. बंद आहे."

"आणि मधल्या मधे टेस्टरच मेला असेल तर?"

वायरमननं टेस्टर उलटसुलट करून बघितला.

"म्हणून परत पहिल्या जागी लावून बघायचं, टेस्टर जिवंत आहे का. तीनदा. तिसऱ्यांदा बघत नाही तो माणूस परीक्षेत नापास होतो. परीक्षेबाहेर काय होतो ते मी सांगायला नको."

त्या दिवशी घरी जाताना तो एसटीच्या खिडकीत हात ठेवून बसला होता आणि त्या बोटाकडे बघत होता.

अभ्यास चालायचा तो रानात. सकाळी ऊन चढण्याआधी बायको बांधावर बसून पुस्तक उघडायची, हा वाफ्यातलं गवत काढायचा. ती वाचायची मोठ्यानं, शाळेतल्या मास्तरांसारखं, पूर्णविरामाला थांबून.

"'इन्सुलेशनची चाचणी करण्यापूर्वी कोणती खात्री करावी?' सांगा."

"सप्लाय बंद."

"अजून?"

"बल्ब काढायचे. नाजूक उपकरणं सोडवायची. स्विच चालू स्थितीत."

"का चालू?"

"स्विच बंद असला तर पलीकडची वायर मोजलीच जात नाही."

"अगदी बरोबर," ती म्हणायची आणि पुस्तकाच्या कडेला पेन्सिलनं टिचकी मारायची.

पंधरा दिवसांत अर्धं पुस्तक त्याच्यापेक्षा तिलाच पाठ झालं. घरातही तीच भाषा सुरू झाली. मिक्सर बिघडला तर ती म्हणायची, "हात लावू नका, आधी सप्लाय वेगळा करा." तो आंघोळीला निघाला की, "ओला हात, अनवाणी पाय, पुस्तकातलं पान बेचाळीस!" शेजारणी भिंतीवरून डोकावून हसायच्या. थोरल्याच्या घरातूनही हसण्याचा आवाज यायचा कधीकधी, पण वायरमन तिकडे बघायचा नाही.

घात झाला सराव परीक्षेत. मॅडमनी मेगर हातात दिला, वायरीवरच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणारा, आणि एका लाईनचं इन्सुलेशन मोजायला सांगितलं. एकाच्या वर आकडा यायला हवा. त्यानं सगळं ओळीनं केलं, तीनदा टेस्टर लावला, वायरी सोडवल्या, बटण दाबलं, आकडा वाचून कागदावर लिहिला: तीन. आणि खाली लिहिलं, लाईन चांगली आहे.

मॅडमनी कागद बघितला, मेगर बघितला. "काका, परत वाचा."

"तीन."

"जवळून वाचा."

त्यानं मेगर जवळ आणला, तर आकडा धुक्यात गेला. लांब धरला, तर बारीक झाला. कुरळ्या केसांचा पोरगा बाजूलाच होता. तो हळूच म्हणाला, "काका, आधी शून्य आहे. आणि मग ठिपका."

शून्य पूर्णांक तीन. लाईन खराब होती. वायरमननं ती चांगली म्हणून पास केली होती.

"एवढ्या ठिपक्यात माणूस जातो," मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, म्हणूनच जास्त लागलं. "डोळे तपासून घ्या."

घरी आल्यावर त्यानं पुस्तक कोनाड्यात टाकलं. "पुरे झालं हे. पन्नाशीच्या उंबऱ्यावर शोभा करून घेतली."

"काय झालं?"

"काही नाही."

बायकोनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि वाट बघितली. तांब्या अर्धा रिकामा झाल्यावर त्यानं सांगितलं.

"गेल्या वर्षी सलूनवाल्याच्या दुकानात बोर्ड बसवलात," ती म्हणाली, "तेव्हा तो आकडा कसा वाचलात?"

"तेव्हा कुठला आकडा. बोट लावलं, झालं."

"म्हणजे चष्मा लागलाय हे तुम्हाला निदान वर्षभर माहीत आहे."

तो उठून बाहेर गेला. पण दुसऱ्या दिवशी दोघंही बाजाराला गेली आणि परत येताना त्याच्या नाकावर काळ्या काड्यांचा चष्मा होता. वेशीजवळ दूध डेअरीतला कारकून भेटला. "अरे वा, वायरमनचे प्रोफेसर झाले!" तो म्हणाला. वायरमननं चष्मा काढून खिशात ठेवला. बायकोनं तो परत खिशातून काढून त्याच्या नाकावर बसवला, भर रस्त्यात, कारकुनासमोर.

परीक्षेला बसण्याआधी एक वही भरायची होती. खऱ्याखुऱ्या पाच जागा तपासायच्या, आकडे लिहायचे, मालकाची सही घ्यायची. मॅडमनी मेगर आणि अर्थिंग मोजायचं यंत्र चार दिवसांसाठी दिलं होतं. पहिली जागा स्वतःचं घर. तिथंच दोन प्लगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे निघाले. बायकोनं सही करताना मान हलवली. मग सलून, मग डेअरी, मग शाळेची एक खोली. चारही ठिकाणी काही ना काही निघालं. प्रत्येक ठिकाणी त्यानं ते दुरुस्त केलं आणि वहीत आधीचा आकडा, नंतरचा आकडा दोन्ही लिहिले.

पाचवी जागा तीन फेजची मोटर असली पाहिजे, अशी अट होती. गावातले बाकीचे पंप त्या सर्टिफिकेटवाल्याच्या सहीनं पास झाले होते. ज्याच्या हातात सहीचा कागद आला तो कशाला पेटी उघडू देतोय. राहिलं एकच पंपघर. तिथल्या तपासणीला दोन्ही मालकांची परवानगी लागणार होती.

दोन दिवस तो लिंबाच्या झाडापर्यंत गेला आणि परत आला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं वही काखेत मारली, चष्मा लावला आणि थोरल्याच्या अंगणात पाय टाकला. थोरला फावड्याला नवा दांडा बसवत होता. त्यानं वर बघितलं. मग नेहमीप्रमाणे आभाळाकडे बघावं म्हटलं, पण आभाळात काहीच नव्हतं.

"दादा," वायरमन म्हणाला. सहा वर्षांत न उच्चारलेला शब्द. "पंपघर तपासायचंय. परीक्षेसाठी. सही लागेल."

थोरल्यानं पाचर ठोकली. एकदा, दोनदा. "आज पाळी माझी आहे."

"मोटर तासभर बंद ठेवावी लागेल."

"पाणी आधीच तळाला गेलंय. तासभर म्हणजे दोन सऱ्या कोरड्या."

"माझ्या पाळीतला तास घे."

थोरल्यानं पाचर एकदा चाचपून बघितली. फावडं भिंतीला टेकवलं आणि पंपघराच्या वाटेला लागला. वहिनी धुण्याची बादली घेऊन मागून निघाली. तिला तसंही तिकडंच जायचं होतं.

पंपघरात भट्टीसारखं तापलं होतं. वायरमननं मेन बंद केला, त्याला कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. टेस्टर बाहेरच्या खांबावरच्या जिवंत दिव्याला लावला, मग आत, मग परत दिव्याला. थोरला दारात उभा राहून बघत होता.

"पूर्वी बोट लावायचास."

"आता नाही लावत."

त्यानं बाहेर जमिनीत दोन लोखंडी खुंट्या ठोकल्या, वायरी ओढल्या, अर्थिंगची तार सोडवून यंत्राला जोडली. बटण दाबलं. पडद्यावर आकडाच येईना. यंत्राला मोजता येईल त्याच्या पलीकडे गेलं होतं. त्यानं खुंट्यांभोवती पाणी ओतलं, परत दाबलं. तेच. मग त्यानं तार धरून तिच्या मागं मागं जायला सुरुवात केली. स्टार्टरच्या पेटीतून निघालेली तार भिंतीतून बाहेर, दोन हात जमिनीखालून, आणि मग विहिरीच्या पाइपाला. ही तार त्यानंच टाकली होती. चौदा वर्षांपूर्वी. वेगळा खड्डा खणण्याचा कंटाळा केला आणि विहिरीत गेलेल्या लोखंडी पाइपालाच बांधून मोकळा झाला. तेव्हा सगळेच तसं करायचे.

पाइपाशी पोचल्यावर तो खाली बसला. पाइप प्लॅस्टिकचा होता. गंजलेल्या तारेचं टोक त्याच्याभोवती दोन वेढे घालून तसंच लोंबकळत होतं.

"हा पाइप कधी बदललास?"

"पाच वर्षं झाली. जुना सडला होता." थोरल्याच्या आवाजात धार आली. "का? विचारायला पाहिजे होतं तुला?"

"नाही. तसं नाही." वायरमननं आत जाऊन मेगर लावला. मीटरपासून आपल्या स्टार्टरपर्यंतची वायर त्यानं मोजली. आकडा जवळून बघितला, चष्मा पुसून परत बघितला. शून्य, ठिपका, चार. पत्र्याच्या कडेवर घासून घासून वायरीचं रबर सोललं होतं. त्याच्या स्वतःच्या वायरीचं. वीज थेंबाथेंबानं पेटीत उतरत होती आणि दोन्ही पेट्या एकाच तारेनं बांधलेल्या. ती तार जमिनीत कुठंच जात नव्हती.

त्यानं मेगर जमिनीवर ठेवला.

"वहिनी," त्यानं बाहेर येऊन विचारलं, "मोटर चालू करायला तुम्ही येता?"

"मीच येते बहुतेक. ह्यांची कंबर धरते ना."

"पेटीला हात लावल्यावर काही होतं?"

वहिनीनं नवऱ्याकडे बघितलं, मग बादलीकडे. "मुंग्या येतात. हात ओला असला की जास्त. यांना सांगितलं होतं मी."

"मी म्हटलं, रबराची चप्पल घालून जा," थोरला म्हणाला.

"मला सांगायचं की," वायरमनच्या तोंडून निघून गेलं.

"कसं सांगणार, भाऊजी?" वहिनी शांतपणे म्हणाली. "आपण बोलतो कुठं?"

विहिरीत कुठं तरी एक ढेकूळ सुटून पाण्यात पडलं. वायरमनच्या डोळ्यांपुढे ओल्या लुगड्यातली, अनवाणी, पेटीकडे हात नेणारी वहिनी उभी राहिली. हीच वहिनी नवी नवी या घरात आली तेव्हा तो दहा वर्षांचा होता, शाळेच्या शर्टाची तुटलेली बटणं तिनंच शिवली होती.

"तार मी चुकीची बांधली होती," तो म्हणाला. "आणि वीज गळतेय ती माझ्या वायरीतून."

थोरल्यानं ती लोंबकळणारी तार पायानं हलवून बघितली. मग म्हणाला, "पाइप बदलताना तार मलाही दिसली होती. विचारावं वाटलं. मग वाटलं, कशाला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "किती खोल खणावं लागेल?"

"पुरुषभर."

खड्डा दोघांनी खणला. मेन दोन दिवस कुलपातच राहिला, थोरल्याच्या सऱ्या कोरड्या पडल्या, पण त्यानं चकार शब्द काढला नाही. वरची हातभर माती विटेसारखी कडक होती. पहार पडली की ठिणग्या उडायच्या आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या जायच्या. कंबर धरलेला थोरला खाली उतरू शकत नव्हता, तो वरून टोपली ओढायचा. वायरमन खाली, कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, मग फक्त त्याची टोपी दिसायची. बोलणं कामापुरतंच. "ओढ." "सोड." "दगड आहे." दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोनं दोघांचा डबा एकाच कापडात बांधून आणला आणि मधे ठेवून गेली. दोघं एकाच सावलीत बसून जेवले. थोरल्यानं लोणच्याची फोड याच्याकडे सरकवली.

"पास होशील का?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"तुझी बायको सगळ्या गल्लीला शिकवते ते. तुझ्या वहिनीला पण पाठ झालंय. ओला हात, पान बेचाळीस."

वायरमनला ठसका लागला. थोरल्यानं तांब्या पुढे केला, आणि दोघंही हसले, सवय मोडल्यासारखे, अडखळत.

लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दाबले, माती भरली, चार बादल्या पाणी जिरवलं. सोललेली वायर बदलली. गळती झाली की आपोआप वीज तोडणारी पेटी दोन्ही बाजूंना बसवली. मग वायरमननं परत खुंट्या ठोकल्या आणि बटण दाबलं. अर्थिंगचा आकडा पाचाच्या खाली हवा होता; तो त्यानं थोरल्याला वाचायला लावला.

"चार," थोरला म्हणाला. "आधी ठिपका नाही. मी नीट बघितलंय."

वहीचं पान भरायला बसल्यावर बायको शेजारी येऊन बसली. "आधीचा आकडा लिहायलाच हवा का? ही जोडणी कोणाची, असा रकाना आहे इथं. वाचणारा काय म्हणेल?"

"म्हणू दे," तो म्हणाला, आणि रकान्यात सावकाश लिहिलं: माझी स्वतःची.

मॅडमनी ते पान दोनदा वाचलं. "चौदा वर्षांत कोणाला लागलं नाही?"

"वहिनीला मुंग्या यायच्या. ती सांगू शकत नव्हती."

मॅडमनी पान सरळ केलं. पानाच्या खाली सही करताना त्यांचं पेन नेहमीपेक्षा जोरात दाबलं गेलं.

परीक्षेच्या दिवशी बायकोनं त्याच्या शर्टाला इस्त्री केली आणि चष्म्याला एक दोरा बांधून दिला. लेखी पेपरला चाळीस प्रश्न. त्यातले काही असे होते, की वाचताना त्याला बायकोचाच आवाज ऐकू आला, पूर्णविरामाला थांबलेला. काहींनी मात्र त्याला घाम फोडला. एका गणितापाशी तो इतका अडकला, की शेवटचे तीन प्रश्न वाचायलाही वेळ उरला नाही.

दुपारी हाताची परीक्षा. लाकडी फळ्यांची एक खोपटी, आत बोर्ड, पाच लाईन. परीक्षक जाडजूड, गंभीर माणूस, खुर्चीत बसून नुसता बघत होता. वायरमननं मेन बंद केला, कुलूप घातलं, तीनदा टेस्टर लावला. उजवा हात एकदा आपसूक पुढे जायला लागला. त्यानं तो डाव्या हातानं धरून खाली घेतला. परीक्षकाच्या मिशीत काही तरी हललं. एक अर्थिंगची तार आतून तुटलेली निघाली, एका प्लगला उलटी वायर, एका लाईनचं इन्सुलेशन खराब. प्रत्येक आकडा त्यानं दोनदा वाचून लिहिला. त्यात वेळ गेला. शेजारच्या खोपटीतून कुरळ्या केसांचा पोरगा काम संपवून बाहेर पडला. वायरमनची पाचवी लाईन राहिली होती आणि घंटा झाली.

कागदावर एक चौकोन रिकामा होता. बाकीच्या चांगल्या लाईनींचे आकडे दोनशेच्या वर होते. त्यातलाच एखादा तिथं टाकला असता तर कोणाला कळलं नसतं. त्यानं लिहिलं, "वेळ संपला. तपासलं नाही. वीज चालू करू नये."

परीक्षकानं कागद उलटसुलट केला. "चौकोन रिकामा ठेवलात. गुण जाणार."

"मोजलंच नाही, तर काय लिहू साहेब?"

"जा," परीक्षक म्हणाला. त्यावरून काहीच कळलं नाही.

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी तो टोमॅटोच्या वाफ्यात असताना मॅडमचा फोन आला. त्यानं ऐकलं, "हो," म्हणाला, "हो मॅडम," म्हणाला, आणि फोन बंद करून तसाच उकिडवा बसून राहिला. बायको काकरी तुडवत आली.

"काय झालं? बोला ना!"

"लेखीत चाळीसपैकी पंचवीस. चोवीसला पास होतं."

"आणि हाताची?"

"त्यात पहिला आलोय म्हणे. वर्गात." त्यानं चष्मा काढला. "रिकाम्या चौकोनाचे गुण गेले तरी."

बायको मटकन खाली बसली आणि पदरानं तोंड झाकून इतकी हसली, की बघणाऱ्याला वाटलं असतं रडतेय. थोडी रडतही होती.

मुदतीला चार दिवस उरले असताना दोघं भाऊ पंपघराचे दोन रिपोर्ट घेऊन ऑफिसच्या खिडकीशी उभे राहिले. खिडकीतल्या बाईंनी पहिला कागद बघितला, शिक्का मारला. दुसरा बघितला आणि थांबल्या.

"तपासणी केली कोणी?"

"माझ्या धाकट्या भावानं," थोरला लगेच म्हणाला. "परीक्षा पास आहे. हाताच्या परीक्षेत पहिला."

"ते दिसतंय. पण या दुसऱ्या कागदावर मालकही तेच आणि तपासणारेही तेच. स्वतःच्या पंपाला स्वतःची सही चालत नाही. दुसरा माणूस आणा."

"पण आकडे खरे आहेत बाई," वायरमन म्हणाला.

"असतील. नियम आहे."

तो वाद घालायला गेला आणि मधेच थांबला. नियम बरोबर होता. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत त्याच्याच वायरीतून वीज गळत होती आणि त्याचाच हात तिला चांगली म्हणत होता. न बघता सह्या ठोकणारा तो सर्टिफिकेटवाला त्याला नको होता. त्यानं तिथूनच कुरळ्या केसांच्या पोराला फोन लावला. पोरगाही पास झाला होता. "येतो काका," तो म्हणाला, "पण पुढच्या आठवड्यात. आधीची दोन गावं घेतलीत." म्हणजे मुदत उलटणार होती, वीज तुटणार होती आणि भर उन्हाळ्यात आठ-दहा दिवस टोमॅटोला पाणी नाही. फळं धरायला लागली होती.

एसटीत दोघं एकाच बाकावर बसले. थोरला खिडकीबाहेर बघत होता, हा पायांकडे. गाव आलं, दोघं उतरले, लिंबाच्या झाडापाशी आपापल्या दाराला वळले.

मुदत संपली त्या दुपारी ऑफिसचा माणूस आला आणि उजव्या बाजूच्या मीटरची वायर काढून, शिशाचं सील मारून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आणि बायको वाफ्यात उभे राहून कोणती रोपं वाचवायची आणि कोणती सोडायची याचा हिशेब लावत होते. पानं कडेनं वळायला लागली होती. इतक्यात बायकोनं त्याचा दंड धरला.

पाटातून आवाज येत होता. आधी कोरड्या मातीचा चुरचुर असा, मग पाण्यानं पुढे ढकलत आणलेल्या पाल्याचा. मग पाणीच आलं, गढूळ, फेसाळ, वाटेतल्या मुंग्यांना उचलून घेत, आणि पहिल्या सरीच्या तोंडाशी येऊन जरा थबकलं.

"आज पाळी कोणाची?" बायकोनं विचारलं.

"दादाची."

पलीकडच्या बांधावर थोरला कमरेवर हात ठेवून उभा होता. इतक्या लांबून त्याचा चेहरा दिसत नव्हता, आवाज मात्र खणखणीत आला.

"अरे, बघत काय राहिलास? दार धर! पाणी वाया चाललंय!"

वायरमननं चपला तिथंच सोडल्या, फावडं उचललं आणि पळत जाऊन सरीचं तोंड उघडलं.